‘रन’ला इंडोनेशियनमध्ये काय म्हणायचं? भाषांतराच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

पुण्यामुंबईत राहून इंडोनेशियन भाषेचं काम मिळतं का, असं भाषा शिकणारी मुलंमुली मला वरचेवर विचारतात. मिळतं. मी तेच काम करते. पण लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मग इंग्रजीतून इंडोनेशियनमध्ये भाषांतर करायला किती दिवसांत येईल?’ आणि तिथे मला एक गोष्ट आधी स्पष्ट करावी लागते. या व्यवसायाचा जुना आणि रास्त संकेत असा, की भाषांतर आपल्या मातृभाषेत करायचं. इंग्रजीतून इंडोनेशियनमध्ये छापण्याजोगा मजकूर इंडोनेशियन माणूसच लिहिणार. आपल्याला मिळतं ते त्याच्या आजूबाजूचं काम: मूळ मजकूर संदर्भासकट भाषांतरकारापर्यंत पोचवणं, संज्ञांच्या याद्या सांभाळणं, आलेलं भाषांतर मुळाशी ताडून पाहणं, यंत्राने केलेल्या भाषांतरातल्या चुका हेरणं, आणि इंडोनेशियनमधून इंग्रजीत किंवा मराठीत आणणं.

हे दुय्यम काम आहे असं कुणी समजू नये. तपासणाऱ्याला स्वतः लिहायचं नसतं, पण ‘इथे हा शब्द का चालणार नाही’ हे कारणासकट सांगता यावं लागतं. ती नजर यायला भाषेच्या परीक्षा पुरत नाहीत. म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी एकच साधा इंग्रजी शब्द घेऊन बसायला सांगते. तो शब्द म्हणजे ‘रन’. शाळेतल्या पहिल्या इयत्तांत शिकलेला, आणि इंडोनेशियनमध्ये नेताना माणसाला भाषेच्या मुळापर्यंत घेऊन जाणारा.

त्याआधी थोडं या भाषेबद्दल. 2020च्या जनगणनेत इंडोनेशियाची लोकसंख्या 27 कोटींवर भरली. देशात सातशेहून अधिक भाषा आहेत. त्या सगळ्यांना जोडणारी एक भाषा असावी म्हणून 28 ऑक्टोबर 1928 रोजी तरुणांच्या परिषदेने जी शपथ घेतली, तिने मलय भाषेवर उभ्या असलेल्या बाहासा इंदोनेसियाला तो मान दिला. 1945च्या राज्यघटनेत, 36व्या कलमात, ती राज्याची भाषा झाली. आपल्या कामाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा आहे तो 2009 सालचा 24व्या क्रमांकाचा कायदा. इंडोनेशियन संस्था किंवा नागरिक ज्यात पक्षकार आहेत असे करार इंडोनेशियन भाषेत असलेच पाहिजेत, असं त्याचं 31वं कलम म्हणतं. 2013मध्ये पश्चिम जाकार्ताच्या जिल्हा न्यायालयाने फक्त इंग्रजीत केलेला एक कर्जकरार या कारणावरून रद्द ठरवला आणि 2015मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. परदेशी कंपन्यांना त्यातून जो धडा मिळाला, त्यामुळे दोन स्तंभांत दोन भाषा असलेले करार सतत तयार होत असतात. त्यांत ‘रन’ येतो तो मुदतीच्या कलमात. करार अमुक तारखेपर्यंत ‘रन’ होतो, म्हणजे तोपर्यंत लागू राहतो. इंडोनेशियन शब्द ‘बर्लाकु’. तिथे धावण्याचा काही संबंध नाही.

या लेखात इंडोनेशियन शब्द कानाला ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांच्या रोमन लिपीतलं ‘ई’ पुष्कळदा आपल्या ‘अ’सारखं उच्चारलं जातं, ‘सी’ हे अक्षर नेहमी ‘च’ असतं, आणि ‘एन’ व ‘जी’ ही अक्षरं जोडीने आली की ‘वाङ्मय’मधला ङ ऐकू येतो. 1972च्या लेखनसुधारणेपूर्वीची कागदपत्रं हाती आली तर ‘च’साठी ‘टी-जे’ आणि ‘ज’साठी ‘डी-जे’ दिसेल. जाकार्ताचं जुनं स्पेलिंग ‘डी’ने सुरू होतं ते त्यामुळेच. जुन्या दस्तांवर काम करायचं असेल तर ही सवय लवकर लावून घ्यावी.

आता शब्दकोश उघडू. इंग्रजी-इंडोनेशियन शब्दकोश म्हटलं की एकोल्स आणि शाडिली यांचाच कोश बहुतेकांच्या हाती असतो. तो 1975 साली निघाला आणि अजून वापरात आहे. ‘रन’ काढला की पहिला प्रतिशब्द ‘लारी’. बरोबरच आहे. पहाटे मैदानात धावणारा माणूस ‘लारी पागी’ करतो, शर्यतीत पळणारा ‘पलारी’, पळून जाऊन केलेलं लग्न ‘काविन लारी’, आणि धडक देऊन पसार होणं म्हणजे ‘ताब्राक लारी’. पण खाली उतरत गेलं की शब्द भराभर बदलतात. नळाचं पाणी ‘मङालिर’ होतं. कपड्याचा रंग ‘लुन्तुर’ होतो. नाक ‘मेलेर’ होतं. बस ‘बरोपरासी’ असते, बोलताना नुसती ‘जालान’. इंजिन ‘हिदुप’ असतं, म्हणजे जिवंत. ते बंद पडलं की ‘माती’, म्हणजे मेलं. दुकान, संस्था, संगणकाचा प्रोग्राम हे सगळं माणूस ‘मन्जालान्कान’ करतो. निवडणुकीत उभा राहणारा ‘मन्चालोन्कान दिरी’ करतो, शब्दशः स्वतःला उमेदवार बनवतो, आणि वर्तमानपत्रं त्यालाच थोडक्यात ‘माजु’ म्हणतात, म्हणजे पुढे सरसावला. लाल दिवा असताना गाडी दामटणारा ‘मनरोबोस’ करतो. वर्तमानपत्राने बातमी ‘रन’ केली, तर ‘ममुआत’ केली किंवा ‘मनुरुन्कान’ केली, खाली उतरवली. आणि तांदूळ, पैसे, वेळ संपला, तर माणसाचं ‘कहाबिसान’ होतं.

ही यादी पाठ करायला बसू नका. मीही ती कधी पाठ केली नाही. माझ्या ध्यानात आलं ते असं, की इंग्रजी वाक्य मनातल्या मनात आधी मराठीत म्हणून पाहिलं की अर्धं काम होतं. मुलगा धावतो. पाणी वाहतं. रंग जातो. दुकान चालतं, आणि मालक ते चालवतो. उमेदवार उभा राहतो. पैसे संपतात. सिग्नल तोडतात. इंग्रजीने जे सगळं एका क्रियापदात कोंबलं, ते मराठीने आधीच वेगवेगळं करून ठेवलं आहे, आणि इंडोनेशियननेही. दोघींनी केलेल्या वाटण्या बहुतेक जागी जुळतात. हिंदीतून किंवा इंग्रजी माध्यमातून आलेले माझे सहकारी इंग्रजीतूनच थेट उडी मारू पाहतात, तेव्हा मी त्यांना आपापल्या घरच्या भाषेत वाक्य म्हणायला लावते. मराठी मुलांनी तर हे हक्काने करावं.

‘जालान’ हा शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. नाम म्हणून त्याचा अर्थ रस्ता, पत्त्यांत तो सर्वत्र दिसतो. त्याच्यापासून ‘बर्जालान’ म्हणजे चालणं, आणि ‘मन्जालान्कान’ म्हणजे चालवणं. आपल्या ‘चाल’ धातूला ‘व’ लागून ‘चालव’ होतो, तसंच तिथे ‘म’ आणि ‘कान’ यांच्या मध्ये धातू बसतो. आणि अर्थाचा विस्तारही सारखाच: पाय चालतात, यंत्र चालतं, काम चालतं, संसार चालतो. इंडोनेशियनमध्येही बैठक ‘बर्जालान’ असते, योजना ‘बर्जालान’ असते. पण पुढे वाटा फुटतात, आणि तपासणाऱ्याची नजर तिथेच लागते. उपवास आपण करतो किंवा धरतो. ते ‘मन्जालान्कान पुआसा’ म्हणतात. हा ‘पुआसा’ म्हणजे आपला उपवासच, पण तिथे तो रमजानचा रोजाही झाला. कर्तव्य आपण बजावतो, आदेश पाळतो. त्यांच्याकडे कर्तव्य आणि आदेश दोन्ही ‘मन्जालान्कान’. तेव्हा इंडोनेशियनमधून इंग्रजीत येताना हा शब्द दिसला की डोळे मिटून ‘रन’ लिहू नये.

व्यवसाय चालवणं हे ‘मन्जालान्कान उसाहा’. ‘उसाहा’ म्हणजे मुळात संस्कृत उत्साह. इथे मराठी वाचकाला आनंद होतो आणि तिथेच सावध व्हावं लागतं. इंडोनेशियनमध्ये संस्कृतातून गेलेले शब्द विपुल आहेत, पण फार जुन्या काळी गेलेले, आणि तिथे नांदून अर्थ बदललेले. ‘उसाहा’ म्हणजे प्रयत्न किंवा धंदा. ‘बिआया’ हा व्यय, म्हणजे खर्च, इथे अर्थ जागेवर राहिला. ‘बिचारा’ हा विचार, पण अर्थ बोलणं. ‘चिन्ता’ म्हणजे प्रेम. ‘नगारा’ हे नगर, अर्थ राष्ट्र. ‘सुआमी’ म्हणजे नवरा, ‘इस्त्री’ म्हणजे बायको. ‘कार्ना’ हे कारण, पण तिथे उभयान्वयी अव्यय, म्हणजे ‘कारण की’. या ओळखी शिकण्याचा वेग वाढवतात, त्यांच्याशिवाय मी इतकी पटकन वाचायला लागले नसते. पण भाषांतर तपासताना अशा प्रत्येक शब्दाचा आजचा इंडोनेशियन अर्थ कोशात पाहूनच पुढे जायचं, कितीही परिचयाचा वाटला तरी.

प्रत्ययांकडे येते, कारण खरं इंडोनेशियन व्याकरण तिथे आहे. क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही, हे ऐकून नवशिके खूश होतात. सगळा भार धातूच्या आधी आणि नंतर लागणाऱ्या जोडांवर असतो, हे पुढे कळतं. ‘लारी’ घ्या. ‘बर्लारी’ म्हणजे धावणं. ‘मलारिकान दिरी’ म्हणजे पळ काढणं. ‘मलारिकान उआङ’ म्हणजे पैसे घेऊन पोबारा करणं. ‘पलारियान’ म्हणजे पलायन. आणि अपघाताच्या बातमीत हमखास येणारं रूप म्हणजे ‘दिलारिकान क रुमाह साकित’: जखमीला तातडीने रुग्णालयात हलवलं. यंत्र हे वाक्य इंग्रजीत आणताना पूर्वी जखमीला स्वतःच्या पायांनी रुग्णालयाकडे पळवत असे. आता यंत्रं सुधारली आहेत, पण मजकूर थोडा आडवळणाचा झाला की अशा जागा पुन्हा निसटतात.

माझ्या मते इंडोनेशियनचा सगळ्यात सुंदर भाग म्हणजे धातूच्या आधी ‘क’ आणि नंतर ‘आन’ लागून होणारी रूपं. त्यातली बरीचशी अशी, की माणसावर काहीतरी ओढवतं. ‘हुजान’ म्हणजे पाऊस, ‘कहुजानान’ म्हणजे पावसात सापडणं. ‘चोपेत’ म्हणजे पाकीटमार, ‘कचोपेतान’ म्हणजे आपला खिसा कापला जाणं. ‘मालाम’ म्हणजे रात्र, ‘कमालामान’ म्हणजे वाटेत रात्र होणं. ‘हाबिस’ म्हणजे संपलेलं, आणि ‘कहाबिसान’ म्हणजे आपल्याकडचं संपणं, आपल्यावर तुटवड्याची वेळ येणं. याच धातूपासून ‘मङ्हाबिस्कान’ म्हणजे स्वतःहून संपवणं. मी भात ‘मङ्हाबिस्कान’ केला, तर माझं पोट भरलं. मी भात ‘कहाबिसान’ झाले, तर मी उपाशी राहिले. इंग्रजी ‘रन आउट’ मध्ये कुणावर काय ओढवलं हे वाक्यावरून ताडावं लागतं. इंडोनेशियनमध्ये ते क्रियापदाच्या रूपातच असतं. मराठीत आपण ‘मला ताप आला’, ‘माझे पैसे संपले’ असं म्हणतो, कर्त्याला बाजूला सारून ज्याच्यावर गुजरलं त्याला पुढे आणतो. म्हणून ही रूपं मराठी माणसाला लवकर उमगतात.

आता एक इंग्रजी वाक्य घ्या: ‘आमच्याकडचे तांदूळ संपले’ या अर्थाचं, ‘वुई’, ‘रन आउट’ आणि ‘राइस’ हे तीन शब्द असलेलं. नव्या माणसाची चाचणी घ्यायला मला हे वाक्य फार आवडतं. ‘वुई’ला इंडोनेशियनमध्ये दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून म्हटलं तर ‘किता’, त्याला वगळून म्हटलं तर ‘कामी’. म्हणजे नेमके आपले ‘आपण’ आणि ‘आम्ही’. इंग्रजी शिकलेल्या जगातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना हा भेद समजावायला शिक्षकांना तास घालवावा लागतो. मराठी मुलाला एका वाक्यात कळतो. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगत असेल तर ‘कामी’, नवरा बायकोला सांगत असेल तर ‘किता’. मग ‘राइस’. शेतात उभं असतं ते ‘पादी’, मळणीनंतर टरफलासकट ‘गाबाह’, टरफल काढल्यावर ‘बरास’, शिजल्यावर ‘नासी’. कोकणात किंवा मावळात ज्याने भातशेती पाहिली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तर दुकानदाराचं वाक्य ‘कामी कहाबिसान बरास’. खानावळीत मात्र, तिथे तिला ‘वारुङ’ म्हणतात, दुपार टळल्यावर गेलात तर ऐकू येईल ‘नासिन्या हाबिस’: भात संपला. संदर्भ माहीत नसेल तर या इंग्रजी वाक्याचं भाषांतर होऊच शकत नाही, आणि भाषांतरकाराला विचारायला न लावता तो संदर्भ पोचवणं हे आपलं काम.

संगणकाच्या मजकुरात हीच अडचण फार तीव्र होते, कारण तिथे वाक्यच नसतं. तक्त्याच्या एका रकान्यात नुसतं ‘रन’ लिहिलेलं येतं. ती कळ असेल तर ‘जालान्कान’. प्रोग्राम चालू असल्याची सूचना असेल तर ‘सदाङ बर्जालान’. व्यायामाचं ॲप असेल आणि सायकल, पोहणं यांच्या रांगेत तो शब्द बसणार असेल तर ‘लारी’. क्रिकेटचा धावफलक दाखवणारं ॲप असेल, आणि भारतातून येणाऱ्या कामात असं होतंच, तर मी इंग्रजी शब्द तसाच ठेवायला सुचवते. क्रिकेट तिथे घरोघरचा खेळ नाही, जरी 2024च्या एप्रिलमध्ये बालीत इंडोनेशियाच्या रोहमालियाने मंगोलियाविरुद्धच्या महिला टी-20 सामन्यात एकही धाव न देता 7 बळी घेऊन जागतिक विक्रम केला असला तरी. आपल्याकडे समालोचनात ‘धाव’ रुळली. तसं रुळायला लोकांना पिढ्यानपिढ्या खेळ ऐकावा लागतो.

संज्ञांबाबत इंडोनेशियाने जे केलं ते मला मनापासून आवडतं. संगणकाच्या वापरात इंडोनेशियन भाषा यावी म्हणून 2001 साली राष्ट्राध्यक्षांचा एक खास आदेश निघाला आणि त्यानंतर संज्ञा प्रमाणित करणारी मार्गदर्शिका तयार झाली. डाउनलोडला ‘उन्दुह’ म्हणतात. हा शब्द जावा बेटावरच्या जावानीज भाषेतून आला, मूळ अर्थ झाडावरची फळं उतरवणं. ऑनलाइनसाठी ‘जाळ्याच्या आत’ अशा अर्थाच्या दोन शब्दांची टोकं जोडून ‘दारिङ’ केला, ऑफलाइनसाठी तसाच ‘लुरिङ’. ईमेल म्हणजे ‘सुरेल’. बिनतारी म्हणजे ‘निर्काबल’, आपलाच ‘निर्’ उपसर्ग लावून. सेल्फी म्हणजे ‘स्वाफोतो’, त्यात आपलाच ‘स्व’. हे शब्द कार्यालयाच्या कपाटात पडून राहिले नाहीत. ‘उन्दुह’ आणि ‘दारिङ’ रोजच्या बातम्यांत दिसतात. सगळेच रुजले असंही नाही. माउससाठी केलेला ‘ततिकुस’ मला कागदावर भेटतो, बोलण्यात क्वचितच. कोणता शब्द जिवंत आहे आणि कोणता फक्त यादीत आहे, हे तिथल्या सहकाऱ्यालाच विचारायचं.

कोशांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे नवशिक्यांचा पुष्कळ वेळ जातो. इंडोनेशियनचा अधिकृत मोठा कोश पहिल्यांदा 1988 साली निघाला. त्याचं संक्षिप्त नाव ‘का-बे-बे-ई’. पाचवी आवृत्ती 2016ची, आणि आता तो इंटरनेटवर मोफत पाहता येतो. कागदी आवृत्तीत शब्द धातूखाली लावलेले असतात. ‘मन्जालान्कान’ शोधायचा तर ‘जालान’खाली जायचं, ‘मङालिर’साठी ‘आलिर’खाली. इथपर्यंत सोपं. पण ‘म’ लागताना काही अक्षरं विरघळतात: ‘तुलिस’चं होतं ‘मनुलिस’, ‘किरिम’चं ‘मङिरिम’, ‘सापु’चं ‘मन्यापु’, ‘पुकुल’चं ‘ममुकुल’. म्हणजे त, क, स आणि प नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच उच्चारस्थानाचं अनुनासिक येतं. फक्त ‘स’ला ‘न्य’ मिळतो. शाळेत परसवर्ण संधी शिकलेल्याला यातलं तत्त्व लगेच दिसेल. हा एक नियम अंगवळणी पडला की कोश चाळण्याचा कंटाळा जातो. आणि काहीही झालं तरी इंग्रजी-इंडोनेशियन कोशावर थांबू नका. तिथे मिळालेला शब्द घेऊन इंडोनेशियन कोशात त्याची व्याख्या आणि उदाहरणं वाचा, मगच वहीत उतरवा.

वही कशी ठेवायची? शब्दापुढे अर्थ, अशी नको. मी पूर्ण वाक्य लिहिते, ते कुठे वाचलं ते लिहिते, आणि खाली तेच वाक्य मराठीत. ‘कोम्पास’ आणि ‘तेम्पो’ ही नियतकालिकं वाचायला घ्या. पहिली भाषेच्या शिस्तीसाठी, दुसरी तिच्या लवचिकपणासाठी. 1997-98च्या आर्थिक संकटावरचे जुने लेख वाचताना एक गमतीची जागा सापडेल. ठेवीदारांनी बँकांसमोर रांगा लावून पैसे काढून घेणं याला इंग्रजीत ‘बँक रन’ म्हणतात. इंडोनेशियन पत्रकारांनी त्यासाठी दुसराच इंग्रजी शब्द उचलला, ‘रश’, आणि तो तिथे कायमचा मुरला. इंडोनेशियन मजकुरातला हा ‘रश’ इंग्रजीत तसाच नेला तर वाचणाऱ्याला अर्थ लागणार नाही. अशी वाक्यं कोशात सहसा भेटत नाहीत, वहीतच सापडतात.

शिकायचं कुठे, हा तुमचा खरा प्रश्न असेल. इंडोनेशिया सरकारची ‘दार्मासिस्वा’ ही शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठांत भाषा आणि कला शिकायला बोलावते. ती 1974पासून चालू आहे, पदवी देत नाही. अर्जाची माहिती दूतावासाकडून कळते, आणि मुंबईत त्यांचं वाणिज्य दूतावास आहे. मी योग्याकार्ताला होते. परदेशी माणसांना इंडोनेशियन शिकवण्याची परंपरा तिथल्या गाजा मादा विद्यापीठात जुनी आहे. पण एक सांगते: योग्याकार्तात रस्त्यावर तुम्हाला जावानीज ऐकू येईल. तिथे धावण्याला लोक सहज ‘म्लायु’ म्हणतात, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना आदरार्थी ‘म्लाजङ’. जाकार्ताची मुलं ‘मन्जालान्कान’ला ‘जालानिन’ करतात. वर्गात शिकलेली प्रमाण भाषा, गावाची भाषा आणि राजधानीची बोली या तिन्ही कानावर येऊ द्या. लिहायच्या वेळी पहिली वापरा. जाणं शक्य नसेल त्यांनीही थांबू नये. परदेशी लोकांसाठीचे ‘बीपा’ नावाचे अभ्यासक्रम आहेत, आणि ‘उकाबेई’ ही अधिकृत प्रावीण्य परीक्षाही आहे. तिच्या गुणांना इंडोनेशियन लोक मान देतात. शपथबद्ध भाषांतरकार होण्याचा विचार मात्र सोडून द्या, त्याला तिथलं नागरिकत्व लागतं.

काम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तपासायची गोष्ट म्हणजे भाषेचा संकेत, म्हणजे संगणकाला भाषा ओळखता यावी म्हणून दिलेली दोन अक्षरं. इंडोनेशियनचा आजचा आंतरराष्ट्रीय संकेत ‘आय-डी’ आहे. 1989पूर्वी तो ‘आय-एन’ होता, आणि अँड्रॉइडच्या फायलींत तो जुना संकेत अजून दिसतो. भारताच्या देशसंकेताची अक्षरंही तीच, त्यामुळे भारतीय कार्यालयांत हिंदीच्या फायली इंडोनेशियनच्या खणात आणि उलट जाताना मी पाहिल्या आहेत. दुसरी तशीच गोष्ट मलेशियाच्या मलयची. ग्राहक पुष्कळदा ‘एकच भाषा आहे ना’ म्हणून दोन्ही देशांसाठी एक मजकूर मागतो. त्याला एकच शब्द दाखवावा: ‘पर्चुमा’. मलेशियात त्याचा अर्थ फुकट मिळणारं, इंडोनेशियात त्याचा अर्थ व्यर्थ. जाहिरातीवर तो चुकीच्या देशात छापला तर वस्तूची किंमत जाते.

आणि माणसांशी कसं बोलायचं, हेही शिकण्यातच येतं. तिथल्या सहकाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारू नका, आणि ‘सर’, ‘मॅडम’ही नको. वयाने मोठा पुरुष ‘पाक’, मोठी स्त्री ‘बु’. जावामध्ये साधारण आपल्या वयाचा ‘मास’, मुलगी असेल तर ‘म्बाक’. आपण दादा, ताई, काका, मावशी म्हणतो तसंच, म्हणून हे आपल्या तोंडात लवकर बसतं. कार्यालयीन मजकुरात वाचणाऱ्याला ‘आन्दा’ म्हणायचं, पहिलं अक्षर नेहमी मोठ्या लिपीत.

पहिली चाचणी हाती आली की भाषांतराआधी शंकांचा तक्ता भरा. ‘रन’ समोर आला तर लिहा: करणारा कोण, माणूस की यंत्र, तो मुद्दाम करतोय की त्याच्यावर ओढवलंय, हा शब्द कळेवर बसणार की वाक्यात, ‘वुई’ असेल तर ऐकणारा त्यात धरलाय का. चार ओळींचा हा तक्ता पाहून तिकडचा भाषांतरकार तुम्हाला पुढच्या कामात स्वतःहून मागून घेतो, कारण त्याचे उलट विचारण्याचे निरोप वाचतात. आणि तो तुमची शंका दुरुस्त करून परत पाठवेल तेव्हा त्याचं वाक्य त्याच दिवशी वहीत उतरवून घ्या, मराठीसकट.